चित्र एक, खाती अनेक

२०२६ च्या सुरुवातीला मीरा-भाईंदरमधला एक नवा उड्डाणपूल देशभर चेष्टेचा विषय झाला. चार मार्गिकांचा पूल पुढे एकाएकी दोन मार्गिकांचा होतो, अशी छायाचित्रे फिरली आणि अभियंत्यांच्या नावाने विनोदांना ऊत आला. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) खुलासा केला, की हा आराखड्यातला दोष नाही. रस्त्याची उपलब्ध रुंदी आणि पुढचे नियोजन पाहूनच पूल असा बांधला आहे. दोन मार्गिका भाईंदर पूर्वेसाठी आहेत आणि उरलेल्या दोन पुढे पश्चिमेकडे नेण्याची तरतूद आहे. खुलासा जसाच्या तसा मान्य केला, तरी एक गोष्ट उरते. नकाशा काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुरा झालेला पूल होता आणि ज्याला त्यावरून रोज गाडी न्यायची त्याच्यापुढे अर्धा. हे चित्र आधीच लोकांपुढे ठेवले असते, तर निम्मे विनोद जन्मालाच आले नसते.

एखाद्या कामात गुंतलेल्या सगळ्यांच्या मनात त्याचे एकच चित्र कसे उभे राहते, आणि बहुतेक वेळा ते का राहत नाही, हा व्यवस्थापनशास्त्राचा जुना प्रश्न आहे. ‘शेअर्ड व्हिजन’ या नावाने त्यावर गेली पस्तीस-चाळीस वर्षे भरपूर लिहिले गेले. त्यातले किती आपल्या उपयोगाचे, हे पाहायला मीरा-भाईंदर ही चांगली जागा आहे. या शहराला २८ फेब्रुवारी २००२ रोजी महापालिका मिळाली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली. मिठागरे, आगरी-कोळी गावे, स्टीलच्या भांड्यांचे गाळे आणि लोकलने मुंबई गाठणारे नोकरदार असे सगळे इथे एकमेकांना खेटून आहे. इथला कुठलाही मोठा प्रकल्प एका खात्याचा नसतो.

आधी पुस्तकांकडे पाहू. जेम्स कूझेस आणि बॅरी पॉस्नर यांनी १९८७ मध्ये ‘द लीडरशिप चॅलेंज’मध्ये सामायिक ध्येयचित्राने माणसांना प्रेरित करणे हे नेत्याच्या पाच मुख्य सवयींपैकी एक मानले. १९९० मध्ये पीटर सेंगे यांचे ‘द फिफ्थ डिसिप्लिन’ आले. जॉन कॉटर यांनी १९९५ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त बदलाचे प्रयत्न का फसतात याची कारणे मांडली आणि ध्येयचित्र जितके सांगायला हवे त्याच्या दहापट कमी सांगितले जाते, अशी तक्रार केली. या चौघांत मला सेंगे सर्वांत प्रामाणिक वाटतात. ते सरळ म्हणतात, की बहुतेक संस्थांमधली ‘व्हिजन’ एका माणसाची किंवा एका गटाची असते आणि बाकीच्यांवर लादलेली असते. त्यातून फार तर आज्ञापालन मिळते, बांधिलकी मिळत नाही. कॉटरांचा सल्ला मात्र आपल्याकडे उलटा वापरला गेला. जास्त सांगा म्हटल्यावर लोकांनी जास्त पाट्या लावल्या. रिसेप्शनवरच्या ॲक्रिलिकच्या पाटीवर उत्कृष्टता, सचोटी, नावीन्य, संघभावना असे शब्द चमकत असतात आणि त्याच मजल्यावर खरेदी विभाग व उत्पादन विभाग एकमेकांशी फक्त ईमेलने बोलत असतात.

या पाटीच्या विरोधात आता पुरावाही आहे. अँड्र्यू कार्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये १५१ रुग्णालयांच्या नेतृत्वाने वापरलेली भाषा तपासली. डोळ्यांपुढे उभे राहील असे चित्र आणि मोजकीच मूल्ये जिथे होती, तिथे हृदयविकाराच्या रुग्णांच्या उपचाराचे निकाल अधिक चांगले निघाले. मूल्यांची लांबलचक यादी दिली, की प्रत्येक जण त्यातले आपल्याला सोयीचे उचलतो आणि चित्र धूसर होते. कार्टन यांनीच २०१८ मध्ये नासाच्या चांद्रमोहिमेचा अभ्यास प्रसिद्ध केला. केनेडींची भाषणे सर्वांना आठवतात, पण कार्टन यांचे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे होते. नासाची अनेक उद्दिष्टे कमी करून एकच ठोस उद्दिष्ट ठेवले गेले, त्याला मुदत घातली गेली आणि मर्क्युरी, जेमिनी, अपोलो असे टप्पे पाडले गेले. त्यामुळे सर्किट जोडणाऱ्या माणसालाही आपल्या टेबलापासून चंद्रापर्यंतची वाट मोजता आली. वक्तृत्वाइतकेच मोल या पायऱ्यांना होते. आपल्याकडे नेत्याचे भाषण लोकांच्या लक्षात राहते, पायऱ्यांची कुणी आठवण काढत नाही.

तिसरा अभ्यास आपल्या कार्यालयांच्या दृष्टीने सर्वांत बोचरा आहे. नूफेर यासिन आतेश, मुरात ताराक्जी आणि इतरांनी २०२० मध्ये ‘जर्नल ऑफ मॅनेजमेंट’मध्ये दाखवले, की मधल्या फळीतला अधिकारी जितका प्रेरणादायी, तितके चांगले, असे नेहमी नसते. वरच्यांचे धोरण आणि त्याचे स्वतःचे चित्र जुळत असेल, तर त्याच्या हाताखालची माणसे एकदिलाने कामाला लागतात. जुळत नसेल, तर तोच अधिकारी आपल्या प्रेरणेनेच गोंधळ वाढवतो. प्रभावी उपअभियंता किंवा धडाडीचा विक्री व्यवस्थापक आपल्या माणसांना भलत्याच दिशेला उत्साहाने नेतो आणि वर्षभर कुणाच्या लक्षातही येत नाही. सामायिक चित्राचा खरा कस मधल्या फळीत लागतो, आणि त्याहूनही दोन खात्यांच्या सांध्यावर. वरिष्ठांच्या बैठकीत सगळे सहमत असतात. सहमती मोडते ती एका खात्याचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होते तिथे.

सूर्या पाणीपुरवठा योजना हे याचे मीरा-भाईंदरमधले ठळक उदाहरण. पालघर जिल्ह्यातल्या सूर्या प्रकल्पातून रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी आणायचे, त्यातले १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला द्यायचे, असा बेत. जलशुद्धीकरण, बोगदे, मोठ्या जलवाहिन्या आणि चेणे इथल्या जलाशयापर्यंत पाणी पोचवणे हे एमएमआरडीएचे काम. चेण्यापासून पुढे शहरातल्या टाक्या आणि वितरणाच्या वाहिन्या महापालिकेच्या. मधे वन खात्याच्या परवानग्या आणि महामार्गाच्या कडेने खोदकाम. एमएमआरडीएच्या अभियंत्याचे चित्र चेण्याला पुरे होते, पालिकेच्या पाणी विभागाचे चित्र तिथे सुरू होते. रहिवाशाचे चित्र मात्र त्याच्या सोसायटीच्या टाकीतल्या पाण्याचे असते आणि त्याला चेणे कुठे आहे याच्याशी देणेघेणे नसते. अशा योजनेत ‘पाणी आले’ म्हणजे नेमके काय घडले म्हणायचे, हे दोन्ही खात्यांनी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून सह्या केल्या, तर तो कागद कुठल्याही घोषवाक्याला भारी पडेल. तो लिहिताना वाल्व्ह फिरवणारा पालिकेचा चावीवाला खोलीत असावा, असे मी म्हणेन. कुठल्या गल्लीत दाब पोचत नाही, हे त्याला संगणकाआधी ठाऊक असते.

मेट्रो ९ चा कारशेड हा दुसरा सांधा, आणि जास्त दुखरा. दहिसर पूर्व ते भाईंदरच्या सुभाषचंद्र बोस मैदानापर्यंतचा हा मार्ग. मे २०२५ मध्ये काशीगावपर्यंतच्या पहिल्या टप्प्याची चाचणी झाली. कारशेड आधी राई-मुर्धा-मोर्वा भागात ठरला होता. तिथल्या भूमिपुत्रांनी घरे आणि जमिनी जातील म्हणून विरोध केला, तेव्हा तो उत्तनजवळच्या डोंगरीला हलवला. तिथे बारा हजारांहून अधिक झाडांचा प्रश्न उभा राहिला. मेट्रो हवी, यावर शहरात जवळपास एकमत आहे. म्हणजे व्हिजन ‘सामायिक’ होतीच. सामायिक नव्हता तो तिचा भार. पुस्तके फायद्याच्या चित्रावर पाने खर्च करतात. त्या चित्राची किंमत कुणी भरायची, यावर फार थोडी बोलतात. माझ्या मते या साहित्यातली हीच सर्वांत मोठी उणीव. कार्यालयातही असेच घडते. नवी संगणक प्रणाली सगळ्यांना हवी असते. सहा महिने जुन्या आणि नव्या अशा दोन्ही ठिकाणी नोंदी कराव्या लागतात त्या मात्र एकाच लिपिकाला.

मराठी मुलखात हा भार वाटून घेतल्याची उदाहरणे नाहीत असे नाही. बेळगावात जमीन सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना हलवला. निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या ओसाड जागेवर मालक आणि कामगार एकत्रच राहायला गेले. नांगराचा कारखाना कशासाठी, हे सांगायला फलकाची गरज नव्हती. सगळ्यांची घरे त्याच्या भोवती होती. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले आणि पुढे त्याचे महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक झाले. संस्थेने आपले चित्र शब्दांत मांडण्यासाठी मासिक काढावे आणि ते बाहेरच्यांनीही वाचावे इतके चांगले निघावे, असे आजच्या एखाद्या कंपनीच्या गृहपत्रिकेबद्दल म्हणता येईल का, शंका आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा पाठिंबा होता, हेही विसरता कामा नये. सामायिक चित्राला कुणीतरी जमीनही द्यावी लागते.

कोकण रेल्वेने हा प्रश्न संस्थेच्या रचनेतच सोडवायचा प्रयत्न केला. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले; भांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांचे राजकीय बळ मागे होते, कामाची सूत्रे ई. श्रीधरन यांच्याकडे. चार राज्ये आणि रेल्वे यांच्यातले सांधे असे एका कंपनीच्या पोटात आणले, की एकमेकांकडे फायली पाठवण्याऐवजी एका टेबलाशी बसावे लागते. पण टेबलाबाहेर राहिलेले लोक याही योजनेला भेटले. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून मोठे आंदोलन झाले, काम थांबले, चौकशी आयोग नेमावा लागला. पेडण्याच्या बोगद्यातल्या मऊ मातीने वेगळाच छळ मांडला. २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग पूर्ण सुरू झाला, ठरवलेल्या मुदतीपेक्षा उशिरा. या प्रकल्पाची कथा सांगताना लोक श्रीधरन यांच्या शिस्तीत रमतात. मला भागभांडवलाचा तो तक्ता जास्त शिकवून जातो.

मीरा-भाईंदरमध्येच अलीकडे एक अख्खी संस्था नव्याने उभी राहिली. १ ऑक्टोबर २०२० रोजी ठाणे ग्रामीण आणि पालघर जिल्हा पोलिसांच्या हद्दी तोडून मीरा-भाईंदर-वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. सदानंद दाते पहिले आयुक्त. करोनाचा काळ, दोन जिल्हे, दोन महापालिका आणि मधे वसईची खाडी. भाईंदरहून नायगावला लोकलने काही मिनिटांत पोचता येते, पण तेव्हा पोलिसांच्या गाडीला घोडबंदरच्या वर्सोवा पुलाचा वळसा घ्यावा लागे. दोन वेगळ्या जिल्हा दलांतून, वेगळ्या सवयी घेऊन आलेली माणसे आता एका आयुक्तालयाची होती. अशा वेळी ‘आपण कोण’ याआधी ‘तक्रारदार आला तर त्याच्याशी काय घडले पाहिजे’ हे ठरवावे लागते, कारण त्याला हद्द कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही.

२०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने सगळ्या कार्यालयांसाठी १०० दिवसांचा सुधारणा कार्यक्रम आखला. संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण, सुकर जीवनमान, कार्यालयातल्या सोयी, गुंतवणूक प्रोत्साहन, क्षेत्रीय भेटी असे सात मुद्दे. मूल्यमापन क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाकडे. १ मे रोजी निकाल लागले आणि सर्वोत्तम पोलीस आयुक्तालयांत हे आयुक्तालय होते. बाहेरचा परीक्षक, थोडी उद्दिष्टे आणि जवळची मुदत या तीन गोष्टी एकत्र आल्या की सरकारी कार्यालयही हलते, हे त्यातून दिसले. लॉक आणि लॅथम यांचे ध्येयनिश्चितीचे संशोधन, ठोस आणि कठीण लक्ष्य ‘जमेल तितके करा’पेक्षा चांगले काम करून घेते हे सांगणारे, इथे लागू पडते. मात्र गुणांकनात एक धोका असतो. ज्याला गुण आहेत ते होते. जुन्या कपाटांतले कागद निघतात, प्रतीक्षागृहात खुर्च्या येतात आणि या सगळ्याचे स्वागतच आहे. पण तक्रारदाराच्या मनातले चित्र त्या सात मुद्द्यांत किती उतरले, हे पाहायला वेगळी मोजपट्टी लागेल. पुणे विभागाचे आयुक्त असताना चंद्रकांत दळवी यांनी २०१७ च्या सुमारास राबवलेली ‘झिरो पेंडन्सी’ या बाबतीत मला जास्त पटते. सहा गठ्ठा पद्धतीत प्रत्येक लिपिकाच्या टेबलावर कोणता कागद कोणत्या गठ्ठ्यात, हे ठरलेले असते. चित्र अगदी लहान, पण ते त्या माणसाच्या हाताखालचे असते.

खासगी कामाची गोष्ट वेगळी आणि तिच्यावर कमी लिहिले जाते. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. एका गाळ्यात प्रेस, दुसऱ्यात पॉलिश, तिसऱ्यात पॅकिंग. शेठ बहुधा राजस्थानचा, कारागीर उत्तरेकडचे, हिशेब नगावर. समजा शेठने ठरवले, की आता निर्यातीच्या दर्जाचा माल काढायचा. डब्याच्या काठाला चरा दिसला, तर पॉलिशवाल्याने काम थांबवून तो प्रेसकडे परत पाठवावा, असे त्याला वाटते. पण नगावर पैसे मिळणाऱ्याला थांबणे म्हणजे स्वतःच्या खिशातून भरणे. तो चरा झाकून पुढे सरकवतो आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. स्टीव्हन केर यांनी १९७५ च्या एका लेखात दाखवलेला हा मूर्खपणा, बक्षीस एका गोष्टीला आणि अपेक्षा दुसरीची, पन्नास वर्षांनंतरही सर्व धंद्यांत ताजा आहे. नाकारलेल्या नगाचाही दर लावला, तर गाळ्यातली ‘व्हिजन’ त्याच आठवड्यात बदलेल. भाषणाची गरज पडणार नाही.

उत्तनच्या किनाऱ्यावर याचे दुसरे टोक होते. मासेमारीच्या होडीवर जुनी वाट्याची पद्धत होती: खर्च वजा जाता मिळकत होडीचा मालक, ती हाकणारा तांडेल आणि खलाशी यांच्यात वाटली जाई. जाळे नीट विणले की नाही, बर्फ पुरेसा घेतला की नाही, यात प्रत्येकाचा पैसा असे. आता या किनाऱ्यावर इतर राज्यांतून आलेले पगारी खलाशी वाढले आहेत. १ ऑगस्टला पावसाळी बंदी उठली की होड्या पूर्वीसारख्याच निघतात, पण तांडेलला पूर्वी न लागणारी देखरेख आता करावी लागते. वाटा गेला की त्याच्या जागी काहीतरी यावे लागते, आणि प्रशिक्षणवर्गांत ‘प्रेरणा’ या नावाने जे विकले जाते ते बरेचदा याच रिकाम्या जागेसाठी असते.

प्रशिक्षणाची जागाही इथेच आहे. उत्तनच्या केशवसृष्टीत १९८२ मध्ये स्थापन झालेल्या रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीचे संकुल आहे. लोकप्रतिनिधी आणि कार्यकर्त्यांचे वर्ग तिथे वर्षानुवर्षे भरतात. संस्थेची वैचारिक बाजू उघड आहे आणि ती सर्वांची असेल असे नाही. पण राजकीय कार्यकर्त्यालाही बैठक कशी घ्यावी, टिपण कसे लिहावे हे शिकवावे लागते, ही जाणीव या संस्थेला चाळीस वर्षांपूर्वी होती, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट. कंपन्यांच्या दोन दिवसांच्या सहलींपेक्षा ती गंभीर आहे. त्या सहलींत पहिल्या दिवशी दोरखंड ओढतात, दुसऱ्या दिवशी रंगीत चिठ्ठ्यांवर स्वप्ने लिहून भिंतीला चिकटवतात आणि सोमवारी त्या चिठ्ठ्या भिंतीवरच राहतात.

सामायिक चित्र घडवण्याच्या पद्धतींपैकी एकीची शिफारस मी मोकळ्या मनाने करीन. गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये मांडलेली ‘प्रीमॉर्टेम’. प्रकल्प सुरू होण्याआधी सगळ्यांना बसवायचे आणि सांगायचे, की समजा दोन वर्षे झाली आहेत आणि काम सपशेल फसले आहे; आता प्रत्येकाने कारणे लिहावीत. भारतीय कार्यालयात हिचा फायदा दुप्पट होतो. साहेबांच्या योजनेत खोट काढणे अवघड, पण फसलेल्या काल्पनिक योजनेची कारणे देणे हे दिलेले कामच असते. कनिष्ठ अभियंता तेव्हा सांगतो, की पलीकडच्या खात्याने रस्ता खोदायची तारीख कळवलेलीच नाही. अट एवढीच, की चिठ्ठ्या निनावी असाव्यात आणि वाचून दाखवणारा साहेब नसावा.

भाषेचा प्रश्न साध्या कारणाने उल्लेखतो. मीरा-भाईंदरमध्ये शासन निर्णय मराठीत येतो, नकाशा आणि निविदा इंग्रजीत असतात, साइटवर मुकादम हिंदीत ओरडतो.  कामाचे चित्र या तीन भाषांतून जाताना प्रत्येक टप्प्यावर काही गळते, आणि कामगाराला शेवटी फक्त ‘इधर खोदो’ एवढेच पोचते. एका पानाची चित्रमय माहिती, तिन्ही भाषांत, साइट ऑफिसच्या दारावर लावायला खर्च नगण्य आहे.

सर्वांत कठीण सांधा काळाचा आहे. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात सरकारी अधिकाऱ्याचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा आहे; मेट्रो, पाणी योजना, कचरा प्रकल्प सात-आठ वर्षे चालतात. एका प्रकल्पाला दोन-तीन आयुक्त आणि तितकेच मुख्य अभियंते लागणारच. नेत्याच्या दृष्टीवर उभे असलेले सगळे सिद्धान्त इथे अपुरे पडतात, कारण नेताच अर्ध्यावर बदलतो. पदभार सोपवताना किल्ल्या, वाहने, जडवस्तू नोंदवही, न्यायालयीन प्रकरणे यांची यादी होते. हा मार्ग का निवडला, कुठला पर्याय कशामुळे सोडला, गावकऱ्यांना काय शब्द दिला, पुलाच्या दोन मार्गिका कशासाठी राखल्या, यांचे पान त्या यादीत नसते. ते दोन पानांचे टिपण जाणाऱ्या अधिकाऱ्याने आपल्या सहीने लिहावे आणि येणाऱ्याने मान्य-अमान्य मुद्दे त्यावरच नोंदवावेत, एवढी सक्ती एका परिपत्रकाने करता येते. कायदा बदलावा लागत नाही. महापालिका ती आपल्या पातळीवरही सुरू करू शकते, आणि पहिले टिपण चेण्याच्या जलाशयापासून पुढच्या वाहिन्यांवर लिहायला हरकत नसावी.